धारणीहून, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘परत कधी येणार?’ असं परवा तुम्ही फोनवर विचारलंत आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली, म्हणून लिहूनच कळवते. मी आणखी एक वर्ष मेळघाटातच राहायचं ठरवलंय. पीजीची परीक्षा त्यानंतर देईन. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. तरी एकदा ऐकून घ्या.

अधूनमधून मोठ्या शहरांतले डॉक्टर इथे शिबिराला येतात. मोतीबिंदू, हर्निया, फाटलेले ओठ अशी ऑपरेशनं पदरचा वेळ आणि पैसा घालून करतात. वर्षानुवर्षं चाचपडणारी म्हातारी दुसऱ्या दिवशी नातवाला बघते, तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. पण तान्हं बाळ शिबिराच्या तारखेची वाट बघत नाही. त्याला न्यूमोनिया झाला की दोन दिवसांत सगळा खेळ आटोपतो. त्या दोन दिवसांत तिथे कुणीतरी असावं लागतं. मला राहायचंय ते एवढ्याचसाठी.

मागच्या आठवड्यात गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशाताईंबरोबर एका पाड्यावर गेले होते. बाळंतपण घरीच झालेलं, बाळ पाच दिवसांचं. झोळीत घालून वजनकाट्याला टांगलं तर 1 किलो 900 ग्रॅम. पोट कोमट, पण तळपाय गार. घरात धूर आणि पोरगं एका पातळ फडक्यात. आशाताईंनी फडकं सोडलं, बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं धरलं आणि वरून दोघांना मिळून लुगड्यानं बांधून टाकलं. मग ताई इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत बाळाच्या आजीशी बोलत बसल्या, चांगला तासभर. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. उठताना तळपाय पाहिले तर ऊबदार लागले. बाळाला ओढायची ताकद कमी, म्हणून दूध पिळून वाटी-चमच्यानं कसं पाजायचं ते आईला दाखवलं. आई, त्या घरात मी एकही औषध दिलं नाही!

घरच्या बाळंतपणानंतर आशाताईंनी 42 दिवसांत सात वेळा जायचं असतं. याची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू शेजारच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होते. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कॉलेजात हा आकडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आता त्या टक्क्यांमागची घरं दिसतात.

सगळं इतकं सरळ होत नाही, हेही सांगते. बाळ धापा टाकायला लागलं, पोट फुगलं की काही घरांत अजून त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. पहिल्यांदा ते व्रण पाहिले तेव्हा रागानं हात थरथरत होते. पण चटके देणारी आजी त्याला मारायला नव्हे, वाचवायलाच निघालेली असते. दवाखाना लांब, पावसात नाला भरलेला आणि भूमका, म्हणजे पारंपरिक उपचार करणारा मांत्रिक, मात्र गावातच. म्हणून आम्ही भूमकाबाबांकडेही जाऊन बसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालला तर आधी आमच्याकडे पाठवा, एवढंच मागणं. एका गावात आता ते खरंच पाठवतात. असा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि दर वर्षी नवा डॉक्टर आला की तो पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो.

बाबा, ‘एकट्या मुलीनं काय होणार?’ असं तुम्ही म्हणालात. एकटी नाहीच मी. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे याच तालुक्यात, बैरागडला, अख्खं आयुष्य राहिले. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा ती बातमी तुम्हीच मला वाचून दाखवली होती. मी तर फक्त एक वर्ष मागतेय.

जेवणाची काळजी नको, रात्रीचं एकटी फिरत नाही, आणि लग्नाचं आपण समोरासमोर बोलू.

होळीला इकडे या. दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला परततात, कोरकूंचा तो सगळ्यात मोठा सण. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट बडनेऱ्याला उतरा, पुढे परतवाड्यापर्यंत एसटी आहे. येताना जुन्या सुती साड्या आणि धोतरं धुऊन आणा, बाळांना गुंडाळायला लागतात. आई, लोकरीच्या टोपड्या विणशील का? डोकं मोठ्या संत्र्याएवढं धर, त्याहून मोठ्या नकोत. तारीख कळवा, म्हणजे परतवाड्याला तुम्हाला घ्यायला येईन.

तुमची,
मनू