क्लस्टर सांभाळणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आमच्या गटातला सीनियर पीएच.डी. संपवून परदेशी गेला, तेव्हा तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याचे आभार मेलवर दोन ओळींत मानले होते. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. शिवाय क्लस्टरवर (अनेक संगणक जोडून केलेल्या सामाईक यंत्रावर) काम करणाऱ्या इतर विद्यार्थ्यांनाही उपयोग होईल, म्हणून हे उघड पत्र.

त्याचं अकाउंट बंद व्हायचं होतं. मान्सूनच्या पावसासाठी त्यानं डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलमध्ये केलेले बदल, नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंगच्या फाइली), स्क्रिप्ट सगळं त्याच्या होममध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. आउटपुट प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत होतं खरं, पण लिनक्समध्ये नवी फाइल एरवी बनवणाऱ्याच्या मूळ ग्रुपच्या नावावर लागते, आणि तो ग्रुप त्याचा एकट्याचा. जागा सामाईक, पण आतलं काहीच आम्हाला उघडत नव्हतं.

तुमच्याकडे रूटचा, म्हणजे यंत्रावर काहीही करायचा अधिकार होता. एका कमांडमध्ये सगळ्याची मालकी बदलून तुम्ही मोकळ्या झाला असतात. आम्हालाही तेव्हा तेच हवं होतं. तुम्ही आधी त्याला मेल केलात. होममध्ये माणसाचं खासगीही असतं, नोकरीचे अर्ज असतात, एसएसएचच्या कीज (दुसऱ्या यंत्रांवर लॉगिन करायच्या किल्ल्या) असतात, तो सांगेल तेवढंच हलवायचं, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. त्याची यादी आली, तसं आरसिंक या कॉपी करायच्या कमांडनं एकेक फोल्डर प्रोजेक्टमध्ये आणलंत, दोन्हीकडचे चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवून पाहिलेत, आणि मगच अकाउंट बंद केलंत. अधिकार असूनही परवानगी मागणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

त्यानंतर तुम्ही आम्हाला घेऊन बसलात. प्रोजेक्टच्या डिरेक्टरीला सेट-जीआयडी बिट लावला की तिच्यात तयार होणारी फाइल आपोआप प्रोजेक्टच्या ग्रुपची होते, आणि यूमास्क (नव्या फाइलीच्या परमिशनचं सेटिंग) ००२ ठेवला की ग्रुपमधल्या बाकीच्यांना ती बदलताही येते. होममधून एमव्ही कमांडनं हलवलेली फाइल मात्र जुनाच ग्रुप घेऊन येते, हेही तुम्ही करून दाखवलंत. सरळ ७७७ परमिशन (सगळ्यांना सगळं करायची मुभा) द्यायचा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला होता. त्यानं क्लस्टरवरच्या कोणालाही आमचा डेटा पुसता आला असता.

लहान फाइलींबद्दल तुम्ही सांगितलंत ते तर प्रत्येक गटानं ऐकायला हवं. लस्टर फाइल सिस्टिममध्ये डेटा अनेक स्टोरेज सर्व्हरवर विखुरलेला असतो, पण फाइलीचं नाव, परमिशन, डेटा कुठे आहे याची माहिती मेटाडेटा सर्व्हर ठेवतो. प्रत्येक फाइल उघडताना त्याला विचारावं लागतं. डब्ल्यूआरएफचं आउटपुट प्रोसेसवार लिहायची सोय आहे; वेग मिळतो, पण ४८० प्रोसेस चालवल्या तर एकेका आउटपुटमागे ४८० फाइली. जागेचा कोटा शिल्लक असतो, फाइलींच्या संख्येचा संपतो, आणि दुसऱ्या कुठल्या विभागात कोणी साधं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) केलं तरी ते अडखळतं. आता आम्ही रन संपला की तुकडे जोडतो आणि जुनं सगळं टार करून, म्हणजे एकाच फाइलीत बांधून ठेवतो.

स्क्रॅचचं थोडक्यात: वेगवान, मोठी, बॅकअप नसलेली आणि जिथल्या जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात अशी जागा. डिस्क रेडमध्ये (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा जोडणीत) असल्या तरी चुकून दिलेल्या आरएमपासून, म्हणजे फाइल पुसायच्या कमांडपासून, त्या वाचवत नाहीत, हे तुमचं वाक्य आमच्या लॅबच्या फळ्यावर लिहिलेलं आहे.

पुण्यात सी-डॅकनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, ही गोष्ट अभिमानानं ऐकत आम्ही मोठे झालो. यंत्र उभारणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण शेकडो जणांचा डेटा वर्षानुवर्षं नीट ठेवणं हेही तितक्याच तोलाचं काम आहे, आणि ते तुमच्यासारखी माणसं करतात.

आमचा पेपर आता पाठवायच्या टप्प्यावर आहे. सीनियरनं केलेले सगळे रन त्यात आहेत, आणि ते पुन्हा चालवून पडताळता आले ते तुमच्यामुळे. आभाराच्या परिच्छेदात बहुतेक जण ‘संगणन सुविधेचे आभार’ एवढंच लिहितात. आम्हाला तुमचं नाव घालायचं आहे. गाइडनी होकार दिला आहे. तुमची हरकत नसेल, तर नाव कसं छापायचं तेवढं कळवाल का?

तुमची,
हवामान गटातली एक विद्यार्थिनी