विंडोज राहू द्या, ऑफिस मोकळे करा

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळा, ग्रामपंचायती व सार्वजनिक वाचनालयांतील विंडोज संगणकांवर लिब्रेऑफिस अधिकृतपणे बसवण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

सरकारी संगणकांवरून विंडोज काढा आणि लिनक्स ही मोफत प्रणाली बसवा, अशी मागणी करणारी निवेदने आपल्याकडे वेळोवेळी आली असतील. माझी मागणी त्याहून लहान आहे. विंडोज आहे तिथे राहू द्या, त्यावरचे मायक्रोसॉफ्ट ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेल, तेवढे बदला. लिब्रेऑफिस हे त्याच कामाचे मुक्तस्रोत, म्हणजे मोफत आणि खुल्या कोडचे, सॉफ्टवेअर विंडोजवर चांगले चालते. ते शाळा, ग्रामपंचायती आणि सार्वजनिक वाचनालयांच्या संगणकांवर बसवावे आणि त्यात तयार झालेल्या फाइली सर्व शासकीय कार्यालयांनी स्वीकाराव्यात, असा शासन निर्णय काढावा, एवढेच मागणे आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचे आणि ग्रामपंचायतींचे संगणक चालते ठेवणे हा माझा व्यवसाय आहे. पुढे जे लिहितो आहे ते रोज डोळ्यांपुढे असलेले आहे.

नवा संगणक येतो तेव्हा त्यात विंडोज असते. ऑफिस बहुधा नसते, किंवा थोड्या दिवसांच्या चाचणीपुरते असते. मुदत संपली की वर पट्टी झळकते. फाइल उघडते, पण तिच्यात काही लिहिता येत नाही. अशात परिसरातल्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक्सेलची शीट येऊन पडते आणि खाली लिहिलेले असते, आजच भरून पाठवावी. मुख्याध्यापकांनी काय करावे? ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार रुपये. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता. ऑफिसचा परवाना त्यात कुठे बसवायचा? मग तालुक्याहून कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतो. आधी अँटिव्हायरस बंद करतो, कारण तो चालू असताना क्रॅक, म्हणजे परवाना चुकवून चालणारे चोरीचे ऑफिस, बसत नाही. काम झाल्यावर तो पुन्हा चालू होतोच असे नाही. आणि त्याच संगणकावर मुलांचे आधार क्रमांक, पालकांची बँक खाती आणि शिक्षकांच्या पगाराची माहिती असते.

या मुख्याध्यापकांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शासनाने त्यांना फाइल पाठवली, ती भरण्याची मुदत घातली, आणि ती उघडायचे साधन मात्र त्यांच्या नशिबावर सोडले. हजारो प्रामाणिक माणसांना आपण रोज एका बेकायदा गोष्टीवर काम करायला लावतो आहोत, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते.

लिब्रेऑफिसची साडेतीनशे एमबीच्या आसपासची एक फाइल पेनड्राइव्हवर घेतली की तालुक्यातल्या सगळ्या शाळा होतात. परवान्याचा क्रमांक टाकणे नाही, खाते उघडणे नाही, इंटरनेटची गरज नाही, मुदत नाही. बसवताना 'कस्टम' निवडले की मेनू मराठीत घेता येतात. सातवीतली मुलगी तीच फाइल घरी नेऊन काकाच्या लॅपटॉपवर बसवू शकते आणि त्यात कोणताही कायदा मोडत नाही. परवानाच तशी मुभा देतो. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली ते उघडते, आणि त्याच स्वरूपात जपूनही ठेवते.

हे उद्या बंद पडले तर काय, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील, आणि तो रास्त आहे. या सॉफ्टवेअरचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीचे स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झाले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, तेव्हा अनेक विकसकांनी तोच कोड घेऊन त्याच वर्षी २८ सप्टेंबरला लिब्रेऑफिस जाहीर केले. आज द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनमधली ना-नफा संस्था ते सांभाळते. मालक दोनदा बदलले, पण वापरणाऱ्याची एकही फाइल अडकून पडली नाही. शंभर वर्षांचे दप्तर जपणाऱ्या शासनाला किमतीपेक्षा हीच गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी.

मग थेट लिनक्सच का नको? मी स्वतः घरी लिनक्स वापरतो आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी ग्रामपंचायतीत ते उद्याच बसवा, असे मी म्हणणार नाही. तिथे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आहे, बोटांचे ठसे घेणारे यंत्र आहे, जुना प्रिंटर आहे. त्यांचे ड्रायव्हर पुरवठादाराने बहुतेक वेळा विंडोजपुरतेच दिलेले असतात. श्रीलिपी किंवा डीव्हीबी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले वीस वर्षांचे ठराव आहेत. आणि मंगल हा फॉन्ट, ज्यात आपली निम्मी पत्रे लिहिली जातात, तो विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट आहे. दुसऱ्या प्रणालीवर तो नसतो आणि पानांची मांडणी सरकते. विंडोज ठेवून लिब्रेऑफिस बसवले तर यातले काहीच बिघडत नाही. टोकन चालते, प्रिंटर चालतो, मंगलही जागेवर असतो. संगणक परिचालकाला एका दिवसात एकच गोष्ट नवी शिकावी लागते.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने नेमके हेच केले. २००५ मध्ये त्यांनी आपल्या विंडोज संगणकांवर ओपनऑफिस आणले, पुढच्या वर्षी फायरफॉक्स हा ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. प्रणाली तीच, वरची साधने बदललेली. हाताला ती साधने सरावल्यावर २००८ पासून त्यांनी खालची प्रणालीही काढून उबुंटू हे लिनक्स बसवायला घेतले, आणि पुढे हजारो संगणक बदलले. रोज वापरायच्या खिडक्या त्याच राहिल्याने जवानांना खाली काय बदलले याचा फारसा त्रास झाला नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांसाठी निर्णय घेतला, तेव्हाही आधी लिब्रेऑफिस आणि मग लिनक्स, हाच क्रम ठरवला.

कोणीतरी आपल्यापुढे म्युनिकचे उदाहरण ठेवील, म्हणून मीच ठेवतो. त्या शहराने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, २०१३ मध्ये काम पुरे झाल्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. यातून मला दिसते ते एवढेच, की प्रणाली बदलणे हा मोठा राजकीय निर्णय आहे आणि सरकार बदलले की तो फिरू शकतो. विंडोजवर एक सॉफ्टवेअर बसवणे हा तसा निर्णय नाही. जमले नाही तर ते काढून टाकता येते.

आता अडचणी. त्या लपवून मी आपल्याला पत्र लिहिणार नाही. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट रोमन फॉन्टपासून वेगळा ठरवावा लागतो. 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाखाली ती व्यवस्था आहे. ती माहीत नसली की मराठी मजकुराचा फॉन्ट नको तो निघतो, आणि माणूस वैतागून म्हणतो, यात मराठी चालत नाही. चालते, ही मांडणी एकदा करून ठेवली की पुन्हा बघावे लागत नाही. गुंतागुंतीचे तक्ते असलेली वर्डची फाइल उघडताना कधीकधी रेषा हलतात. आणि मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घातलेल्या एक्सेल शीट अनेकदा चालत नाहीत. ही शेवटची अडचण मात्र शासनानेच निर्माण केलेली आहे. जीएसटीच्या ऑफलाइन साधनालाही मायक्रोसॉफ्ट एक्सेलच लागते. राज्याच्या खात्यांनी माहिती गोळा करण्यासाठी मॅक्रोची शीट पाठवणे थांबवले आणि साधी शीट किंवा वेबवरचा फॉर्म दिला, तर निम्मी तक्रार तिथेच संपते. खरे तर ज्या संगणकावर क्रॅक आणि व्हायरस आहेत, तिथे 'मॅक्रो चालू करा' असे सरकारी सूचनापत्रात लिहिणेच धोक्याचे आहे.

लागणारे बरेचसे साहित्य महाराष्ट्रातच तयार पडून आहे, याचे मला फार वाटते. पवईला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिब्रेऑफिसचे रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस शिकवणारे मराठी व्हिडिओ केंद्र शासनाच्या पैशातून केलेले आहेत. दहा-पंधरा मिनिटांचा एकेक धडा, आवाज मराठी, कोणालाही मोफत. पुण्यात रेड हॅट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी लोहित या फॉन्टवर वर्षानुवर्षे काम केले. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे आणि छापील पानावर फार सुंदर दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे युनिकोड फॉन्ट आणले. मराठी शुद्धलेखन तपासण्याची जोडणी स्वयंसेवकांनी केली आहे. हे सगळे एकत्र बांधून कोणी गावापर्यंत पोहोचवले नाही, एवढेच राहिले आहे.

आणि हे फक्त पत्रे टाइप करण्यापुरते नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन तयार केले, ते क्यूजीआयएस या मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरवर. क्यूजीआयएस साध्या विंडोज संगणकावर चालते. पोस्टर करायला इंकस्केप आहे, फोटो नीट करायला गिंप आहे. दहावीच्या पोरांना यातले एकेक दाखवले की ती संगणकापासून उठायला तयार नसतात.

परदेशी कंपनीवर सगळे काम टाकण्यातला धोका आता पुस्तकी राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल कंपनीच्या सेवा काही दिवस बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. तेल कंपनीकडे उच्च न्यायालयात जायला वकील असतात. करमाळा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने कुठे जावे? स्वदेशी कंपनीचे ऑफिस घेतले की हा प्रश्न सुटतो, असे काहींना वाटते. कंपनी भारतीय असणे मला आवडते, पण फाइल तिच्याच सर्व्हरवर आणि कोड तिच्याच कपाटात असेल, तर कुलूप तेच राहते, किल्ली ठेवणारा तेवढा बदलतो.

धोरण नव्याने लिहायची गरज नाही. खुल्या मानकांचे केंद्राचे धोरण नोव्हेंबर २०१० चे आहे. मार्च २०१५ च्या धोरणाने निविदांमध्ये मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करायला आणि पुरवठादाराने तो वगळला तर कारण द्यायला सांगितले आहे. राज्यांनाही ते स्वीकारण्याची मुभा आहे. लिब्रेऑफिसचे मूळ स्वरूप असलेला ओडीएफ हा फाइल फॉरमॅट २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट मानक म्हणून मतदानाला आला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले होते. देशाने जागतिक पातळीवर घेतलेली ही भूमिका तहसील कार्यालयाच्या टेबलापर्यंत कधी आलीच नाही. आजही ओडीएफ फाइल मेल केली, तर 'वर्डमध्ये पाठवा' असे उत्तर येते.

शिक्षणाबाबत एक विनंती आपल्या सहकारी मंत्र्यांशी बोलून करावी. शासकीय नोकरीसाठी एमएस-सीआयटी किंवा तत्सम प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा अभ्यास एका कंपनीच्या ऑफिसभोवती फिरतो. परिच्छेद कसा आखावा, सूत्र कसे लिहावे, सादरीकरण कसे करावे, हे तपासा; ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केले हे उमेदवारावर सोपवा. केरळने आपल्या सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभे केले त्याला बरीच वर्षे झाली, आणि तिथली मुले नोकरीत कुठे मागे पडलेली दिसत नाहीत.

शासन निर्णयात काय असावे ते नेमके सांगतो. महाआयटी या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाने लिब्रेऑफिसचे एक तयार पॅकेज करावे : मराठी मेनू, देवनागरी फॉन्टची मांडणी आधीच केलेली, खुल्या परवान्याचे मराठी फॉन्ट आणि शुद्धलेखन तपासणी आत. विंडोजवर ते शांतपणे, प्रश्न न विचारता बसेल असे करता येते. त्याची सोय लिब्रेऑफिसमध्ये आहे. सर्व खात्यांनी ओडीएफ फाइल स्वीकारावी आणि नाकारणाऱ्याने लेखी कारण द्यावे. मॅक्रोची शीट पाठवणे बंद व्हावे. आणि ज्या शाळेत आज क्रॅक आहे तिच्यावर कारवाई होणार नाही, सहा महिन्यांत तो काढून टाकावा, असे स्पष्ट लिहावे. नाहीतर भीतीपोटी कोणी खरे सांगणार नाही. जुन्या यंत्रांचाही विचार हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली लिब्रेऑफिसची २५.८ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. ज्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही त्यांना उद्या लिनक्स घ्यावेच लागले, तर लिब्रेऑफिसला सरावलेल्या शिक्षकांना ते जड जाणार नाही.

सगळ्या राज्यात एकदम नको असेल तर एक तालुका निवडावा. मे महिन्यात शाळांचे संगणक मोकळे असतात, तेव्हा बसवण्याचे काम उरकते आणि जूनमध्ये शाळा उघडताना शिक्षकांना एका दिवसाचे प्रशिक्षण देता येते. करमाळा तालुका निवडलात तर तिथल्या जिल्हा परिषद शाळांचे हे काम मी कोणताही मोबदला न घेता करीन. कोणत्या शाळेत काय अडले, कोणती शीट उघडली नाही, याचा लेखी अहवाल दर महिन्याला आपल्या कार्यालयाकडे पाठवीन. त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे आपल्या विभागाचे एक पत्र लागेल.

कळावे,

आपला नम्र,
शाळा व ग्रामपंचायतींचे संगणक सांभाळणारा एक तंत्रज्ञ
जिल्हा सोलापूर