थट्टा भयकथेची, जाच मात्र खरा

महोदय,

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी'चं नाव निघालं की 'भयकादंबऱ्यांची टिंगल' म्हणून विषय मिटवला जातो. हा त्या कादंबरीवर अन्याय आहे. टिंगल आहेच, आणि फर्मास आहे. अ‍ॅन रॅडक्लिफच्या भयकादंबऱ्यांनी झपाटलेली १७ वर्षांची नायिका कॅथरीन वादळी रात्री काळ्या कपाटातून गुंडाळलेले कागद काढते, मेणबत्ती विझते, आणि ती पांघरुणात थरथरत पडून राहते. सकाळी बघते तर धुलाईची बिलं!

पण पुढचं फारसं कुणी बोलत नाही. ज्याच्या घरी ती पाहुणी आहे त्या जनरल टिल्नीने बायकोचा जीव घेतला असावा, हा तिचा संशय खुळा ठरतो. मात्र ही मुलगी श्रीमंत नाही एवढं कळताच तोच जनरल तिला सकाळी सकाळी घराबाहेर काढतो. ७० मैलांचा प्रवास, सोबतीला एक नोकरसुद्धा नाही. तिच्याजवळ भाड्यापुरते पैसे आहेत का, हेही ऐन निघताना सुचतं ते त्याच्या मुलीला. तळघरं आणि सांगाडे खोटे निघाले, तरी माणसाला पैशात तोलणारा यजमान खरा होता. कॅथरीनचं मोठं होणं मला इथेच दिसतं, बिलांच्या फजितीत नव्हे.

शिवाय पाचव्या प्रकरणात ऑस्टिन कादंबरी वाचणाऱ्यांची बाजू किती तळमळीने घेते! १८०३ मध्ये १० पौंडांना विकलेलं हे हस्तलिखित प्रकाशकाने छापलंच नाही. पुस्तक आलं १८१७ च्या अखेरीस, ती गेल्यावर.

या कादंबरीवर लिहिताना शेवटच्या प्रकरणांनाही जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, मिरज