चादरींचे हप्ते : काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सलाम.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, म्हणून नाव घालत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात जन्मभर यंत्रमाग दुरुस्त केलेले, चर्चच्या मंडळीनं वडील (एल्डर) म्हणून निवडलं तरी मागच्याच बाकावर बसणारे, एवढं पुरे. ओळखायचे ते ओळखतील.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. ती लाल वही परवा कपाटात सापडली आणि हे लिहायला बसलो.

वहीबद्दल तुमच्याआधी मला काहीच माहीत नव्हतं. दर नाताळाच्या आदल्या रात्री बाबा चादरी घेऊन स्टेशनवर जायचे, बाहेर झोपलेल्यांच्या अंगावर पांघरून यायचे, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. सेकंड माल चालायचा नाही. ‘देवाच्या नावानं द्यायचं तर पहिल्या प्रतीचं द्यावं,’ म्हणायचे. मला वाटायचं, बाबा दयाळू. ते होतेही. पण वहीत 1991 पासून तारीख, चादरींचा आकडा आणि पुढे बेरीज होती. उधारीच्या वहीत असते तशी.

शेवटच्या दोन महिन्यांत, डायलिसिसहून आले की रात्री झोप नाही. छताकडे बघत विचारायचे, ‘एवढ्यानं भागेल का रे?’ मी पुण्याहून रजा टाकून आलेलो, संडेस्कूलचा हुशार मुलगा. झटकन उत्तर द्यायचो, ‘बाबा, आपण कर्मानं तरत नाही, विश्वासानं तरतो. एफेसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठ आणि नऊ.’ ते भिंतीकडे तोंड करायचे. बरोबर उत्तर देऊनही माणूस भिंतीकडे का वळतो, हे मला कळत नव्हतं.

तुम्ही आलात त्या संध्याकाळी तुमचं पहिलं वाक्य होतं, ‘का बे, काय वाचूलालास?’ मग नजर उशाशी असलेल्या वहीवर गेली. तुम्ही विचारलंत आणि बाबांनी सांगितलं. आईलाही कधी न सांगितलेलं. 1991 मध्ये ते ज्या कारखान्यात होते तिथं सुताचे कोन (गुंडाळ्या) चोरीला गेले. मालकाच्या माणसानं एका सोबत्याविरुद्ध कागद पुढे केला आणि बाबांनी न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सही केली. घरात मी तान्हा होतो, नोकरीची भीती होती. सोबत्याचं काम गेलं. त्याच नाताळाला पहिल्या चादरी.

मला वाटलं, आता तुम्ही कृपेबद्दल बोलाल. तुम्ही वही चाळलीत आणि म्हणालात, ‘हप्ते वेळेवर भरलास. पण जमा कुणाच्या खात्यात झाले? देव वसुलीला बसलाच नव्हता. आणि ज्याचं देणं होतं त्याला एक चादर पोचली नाही.’

काका, नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. त्या शेवटच्या दोन वाक्यांत बसलं नाही असं फारसं काही मला सापडलं नाही.

तुम्ही बायबलातली जक्कयाची गोष्ट काढलीत. ती मी शंभर वेळा ऐकलेली : बुटका जकातदार, उंबराचं झाड, अर्धी संपत्ती गरिबांना, कुणाला लुबाडलं असेल त्याला चौपट. तुम्ही फक्त क्रम विचारलात. येशू ‘आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे’ कधी म्हणाला? चौपटीच्या आधी की नंतर? आधी. जक्कय अजून झाडावरच होता, एक पैसा परत केला नव्हता. ‘भाडं भरून पाहुणा बोलावला नाही त्यानं. पाहुणा आला, म्हणून तिजोरी उघडली.’ बाबा त्या रात्री झोपले. मी नाही झोपलो.

चार दिवसांनी तुम्ही रिक्षा घेऊन दारात उभे. आई नको म्हणत होती, मीही. बाबा मात्र स्वेटर घालून तयार. त्या घरी सोबती नव्हते, वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. बाबांनी सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या तेलुगूत. बाईंचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, ‘त्यांना नंतर दुसरीकडं काम लागलं. पण त्या चार महिन्यांत थोरलीची शाळा सुटली, ती सुटलीच.’ माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. बाबांनी पाकीट पुढे केलं. ते त्यांनी बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाल्या, ‘नातीच्या फीला घेते. बाकी तुमचं तुमच्यापाशी.’

परतताना मी चिडलो होतो. एवढं करून हाती काय लागलं, असं पुटपुटलोही. तुम्ही मागं वळून म्हणालात, ‘काही लागावं म्हणून गेलो नव्हतो.’ बाबा रिक्षाच्या कडेला डोकं टेकून शांत बसले होते. ते म्हणाले, ‘हलकं वाटतंय,’ आणि पुढे, ‘नसतं वाटलं तरी चाललं असतं.’

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. व्हरांड्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना तुम्ही म्हणालात, ‘बापाला आठ-नऊ सांगत होतास ते खरं होतं. तुझ्या तोंडी ते आळसाचं होतं.’ दहावं वचन पाठ आहे का, विचारलंत. नव्हतं. आमच्या संडेस्कूलमध्ये बक्षीस आठ-नऊला असायचं. दहाव्यात म्हटलंय की आपण सत्कृत्यांसाठीच ख्रिस्तात निर्माण झालेलो आहोत आणि ती देवानं आधीच योजून ठेवली आहेत. मग बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलात. एखाद्या भावाला किंवा बहिणीला वस्त्र नाही, रोजचं अन्न नाही, आणि आपण म्हणतो, सुखानं जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. ‘सोलापुरात बसून नुसतं ऊब घ्या म्हणायचं!’ असं म्हणून तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. स्टेशनवर बाबांबरोबर मी एकदाही गेलो नव्हतो.

माझ्या बायकोचं माहेर वसईचं, कॅथलिक. आमच्याकडे विश्वास की कर्म हा वाद जेवणाच्या टेबलावरचा. मी प्रोटेस्टंट सुधारक लूथरचं नाव घ्यायचो, ती याकोबाचं. तुमच्यामुळे मी पहिल्यांदा दोन्ही बाजू नीट वाचल्या. 1522 च्या जर्मन भाषांतरात लूथरनं रोमकरांस पत्र 3:28 मध्ये ‘केवळ’ हा शब्द आपल्या पदरचा घातला आणि त्याच वर्षी प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. 1547 मध्ये कॅथलिकांच्या त्रेंतच्या परिषदेनं ‘केवळ विश्वासानं’ ही शिकवण धिक्कारली. पण चांगलं झाड चांगलं फळ देतंच, हे लूथरही सांगत होता आणि आरंभ कृपेचाच, हे त्रेंतनंही लिहून ठेवलं. शेवटी 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी एका निवेदनावर सह्या केल्या : स्वीकार होतो तो कृपेनं, आपल्या पुण्याईनं नव्हे, आणि तीच कृपा सत्कर्मांसाठी बळ देते. सगळे मतभेद मिटले असं नाही, हे बायको आवर्जून सांगते.

तुम्ही दाखवलेली अब्राहामाची गोष्ट मात्र मला सगळ्यांत आवडते. ‘त्यानं विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं’ हे वचन रोमकरांस पत्र लिहिणारा पौलही घेतो, याकोबही. ते आहे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, अब्राहामाचा मुलगा इसहाक जन्मायच्या आधी. याकोब बोट ठेवतो ते बाविसाव्यावर, जिथं तोच इसहाक बळी द्यायला वेदीवर ठेवलेला आहे. माणूस एकच, मधे कितीतरी वर्षं. पौल भ्यालेल्याशी बोलतो, याकोब सुस्तावलेल्याशी, असं तुम्ही म्हणाला होतात. आमच्या घरात तेव्हा दोघंही होते, एक खाटेवर आणि एक व्हरांड्यात.

पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागलं की आता पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये शारदासदन काढलं. आणि तरी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म सापडला तेव्हा ख्रिस्त सापडला नव्हता, तो नंतर. दुष्काळातल्या मुलींना केडगावी आसरा दिला तो त्याही पुढचा. क्रम पुन्हा तोच, काका. की तुमच्यामुळे मला सगळीकडे क्रमच दिसायला लागलाय?

एक कबुली राहिली. बाबांच्या स्मरणसभेत मी म्हणालो होतो की विश्वास म्हणजे ताणा (उभा धागा) आणि कर्म म्हणजे बाणा (आडवा धागा). लोकांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर तुम्ही माझा कान धरलात (मी पस्तिशीचा!) : ‘ताणा-बाणा दोन्ही आपले असते तर विणकर आपण झालो असतो. आपल्याला चादर विणून मिळालीय लेका. पांघर, आणि शेजारी कोण कुडकुडूलालाय ते बघ.’

त्या घरी मी अधूनमधून जातो. नात बारावीला आहे. आजी अजून माझ्याशी फारसं बोलत नाहीत, पण परवा पानांचं सूप सरकवून बसायला जागा केली.

येत्या 24 डिसेंबरला रात्री दहाला स्टेशनबाहेर भेटू. चादरी घेऊन ठेवल्या आहेत. बायकोही येणार आहे. लाल वही घरीच राहील. रिक्षाचं भाडं मात्र या खेपेला मी देणार, आणि तिथं एफेसकरांचं पत्र काढायचं नाही.

तुमचा,
भाकरीच्या वेळेला हमखास येणारा पुतण्या