दुबार नावे काढण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, म्हणून नाशिक परिसरातल्या सोसायट्या आणि पतसंस्थांमध्ये सभासद याद्यांची साफसफाई चालते. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच. एक्सेल उघडायचे, ‘डेटा’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ दाबायचे आणि यादी शुद्ध झाली म्हणायचे. पण या बटणाने खरी दुबार नावे बऱ्याचदा जागेवरच राहतात आणि हक्काचा सभासद मात्र उडतो.

दुबार नावे राहतात, कारण एक्सेल माणूस ओळखत नाही, अक्षरे जुळवते. नावापुढे चुकून एक स्पेस पडली की एक्सेलच्या लेखी तो दुसरा माणूस. ‘ट्रिम’ सूत्राने साधी स्पेस जाते. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस (दिसायला तशीच, पण आतला कोड १६०) मात्र जात नाही, ती ‘सब्स्टिट्यूट’ सूत्राने बदलावी लागते. मराठीत आणखी एक पेच आहे. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन कीबोर्डवर टाइप केले तर दिसायला तंतोतंत सारखे, पण आतले कोड वेगळे निघू शकतात. जमिनीचा गट क्रमांक एकाने मराठी अंकांत आणि दुसऱ्याने इंग्रजी अंकांत लिहिला, तरी तेच. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या याद्यांत तर हे हटकून सापडते. तारखेचेही तसेच: एकच तारीख दोन ओळींत दोन तऱ्हांनी दाखवलेली असेल, तर हे बटण त्या वेगळ्याच धरते.

माणसे उडतात ती चुकीचा रकाना निवडल्याने. फक्त मोबाइलवर दुबार शोधले, तर एकाच नंबरवर नोंदलेल्या नवरा-बायकोपैकी एकजण जातो. फक्त नाव धरले, तर पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव बहुला इथले दोन नामसाधर्म्यवाले एक होतात. सोसायटीसाठी सदनिका क्रमांक व नाव, पतसंस्थेसाठी नाव, जन्मतारीख आणि मोबाइलचे शेवटचे दहा अंक अशी जोडी हवी. शेतकरी गटाच्या यादीत एकाच नावाने दोन गट क्रमांक असणे ही दुबार नोंद नव्हेच.

सगळ्यात वाईट चूक वेगळीच. एकच रकाना निवडून बटण दाबले की एक्सेल विचारते, निवड वाढवायची की आहे तीच ठेवायची. घाईत दुसरा पर्याय घेतला, तर त्या रकान्यातली नावे वर सरकतात आणि बाकीचे रकाने जागेवर राहतात. एकाचे शेअर्स दुसऱ्याच्या नावापुढे येतात. फाइल सेव्ह करून बंद केली, की ‘अनडू’ही करता येत नाही.

म्हणून आधी फाइलची प्रत काढावी. एका नव्या रकान्यात साफ केलेले नाव आणि जोडीचे तपशील एकत्र करावेत, शेजारी ‘काउंटइफ’ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारे सूत्र) लावून एकापेक्षा जास्त येणाऱ्या ओळींवर खूण करावी. नुसत्या बँक खाते क्रमांकावर ‘काउंटइफ’ लावू नये. ते पहिले १५ अंकच जुळवते आणि १६ अंकी दोन वेगळी खाती एक दाखवते. असे क्रमांक चिकटवण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, नाहीतर एक्सेल सोळाव्या अंकाच्या जागी शून्य ठेवते.

खूण झालेल्या ओळी मूळ अर्जाशी माणसानेच ताडून पाहाव्यात. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ एकच असल्याचे ‘काउंटइफ’ पकडणार नाही, त्यासाठी यादी आडनावानुसार लावून डोळ्यांखालून घालावीच लागते. बटण वापरायचेच असेल तर ताजी नोंद वर येईल अशी क्रमवारी आधी लावावी, कारण ते पहिली ओळ ठेवून खालच्या काढते. वगळलेल्या ओळी पुसून न टाकता वेगळ्या शीटवर ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे कारण लिहावे. सभेत कुणी ‘माझे नाव कुठे गेले?’ असे विचारले, तर सचिवाला ती शीट उघडून दाखवता येईल.

आपले,
सहकारी संस्थांच्या याद्यांचे काम पाहणारे काही कर्मचारी, नाशिक