बरा झालेला माणूस शेजारी हवा

मा. संपादक,

क्षयरोगाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लघवी केशरी झाली. मी हबकलो. धीर दिला तो या आजारातून उठलेल्या शेजारच्या काकूंनी : "गोळीचा रंग आहे रे, माझंही असंच झालं होतं." गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे तसं होतं, हे नंतर कळलं. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला, गोळ्या सोडाव्याशा वाटल्या. सहा महिने पुरे करून घेतले ते काकूंनीच. आता मी वस्तीतल्या रुग्णांकडे जातो. ज्यांचं ताट घरच्यांनी वेगळं केलंय, त्यांच्याबरोबर जेवायला बसतो. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात 'टीबी चॅम्पियन' आहेत, म्हणजे आजारातून बरे होऊन इतर रुग्णांना धीर देणारे. नव्या रुग्णाशी त्यांची गाठ पहिल्याच आठवड्यात घालून द्यावी, निदान त्यांचा प्रवासखर्च तरी द्यावा.

– एक क्षयमुक्त वाचक, सोलापूर