पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं

टाउन्सव्हिल, क्वीन्सलँड
१४ सप्टेंबर २०२५

ती. तात्या आणि ती. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीचे फोटो मिळाले. गणपतीवर बांधलेली माटवी यंदा फार देखणी झाली आहे. आई, एवढी कवंडाळं कुठून गोळा केलीत?

तात्या, तुम्ही फोनवर विचारलंत ते डोक्यातून जात नाही. पर्यटक तुमच्या होडीत बसून मोबाइल दाखवतात, ऑस्ट्रेलियाचं कोरल, म्हणजे प्रवाळ, मेलं म्हणतात, मग आपल्या मालवणच्या किल्ल्याजवळचं किती दिवस राहणार? दोन वाक्यांत उत्तर देता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

इथलं कोरल मेलेलं नाही. रीफ म्हणजे कोरलाने बांधलेला पाण्याखालचा खडक, पण इथली ग्रेट बॅरिअर रीफ हा एक सलग खडक नाहीच. सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जवळजवळ ३,००० लहानमोठी रीफ पसरलेली आहेत. मालवणहून सरळ रेषेत श्रीनगरसुद्धा याहून जवळ पडेल. एवढ्या पट्ट्यात एकाच वर्षी एका ठिकाणी सगळं पांढरं असतं आणि दुसरीकडे रंग जसाच्या तसा असतो. मोबाइलवर फिरतो तो त्यातला एखादा फोटो.

पण चिंता खरी आहे. कोरल म्हणजे दगड नव्हे, प्राणी, हे तुम्ही पर्यटकांना सांगताच. चुन्याच्या सांगाड्यावर हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. उन्हाच्या जोरावर ते अन्न तयार करतं आणि त्यातलं बहुतेक कोरलाला देतं. काही जातींची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज त्यावरच भागते. रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. पाणी त्या जागेच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की हे गणित मोडतं. तापलेल्या शेवाळातून कोरलाला घातक अशी ऑक्सिजनची रूपं बाहेर पडायला लागतात आणि कोरल त्याला अंगाबाहेर टाकतं. मग पारदर्शक कातडीतून आतला पांढरा चुना दिसतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

तात्या, त्या अवस्थेत ते जिवंत असतं, पण उपाशी असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शेवाळ पुन्हा अंगात येतं आणि रंग भरतो. अशक्तपणा मात्र पुढे बराच काळ राहतो, त्या वर्षी वाढ आणि वीण कमी होते. पाणी निवलं नाही तर ते उपासमारीने मरतं. मेलेल्या कोरलावर थोड्याच दिवसांत तपकिरी-हिरवा बुरा चढतो. म्हणून पांढरं दिसलं तर अजून वेळ आहे, बुरा दिसला तर गेलं, हे तुमच्या पोरांना नक्की शिकवा. बरेच जण उलटं समजतात, पांढऱ्याला मेलेलं म्हणतात आणि बुरा चढला की बरं झालं म्हणतात.

आता इथे काय झालं ते सांगते. १९९८ मध्ये पहिल्यांदा या रीफवर मोठं, सगळीकडे पसरलेलं ब्लीचिंग नोंदलं गेलं. मग २००२. त्यानंतर चौदा वर्षं उसंत मिळाली. २०१६ मध्ये मात्र उत्तरेच्या भागाला असा तडाखा बसला की आमच्या जेम्स कुक विद्यापीठातले टेरी ह्यूज आणि त्यांचे सहकारी विमानातून पाहणी करत होते, तेव्हा खाली मैलोन्‌मैल पांढरं दिसत होतं. पुढच्याच वर्षी २०१७ मध्ये पुन्हा. मग २०२०, २०२२, २०२४ आणि या वर्षी परत. २०२२ ची गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. ते ला निनाचं, म्हणजे इथे एरवी पाणी थोडं थंड राहण्याचं वर्ष होतं. पूर्वी आपण एल निनोला, म्हणजे उलट पाणी तापवणाऱ्या वर्षाला, दोष देऊन मोकळे होत होतो. ती सोय आता उरली नाही. कोळसा आणि तेल जाळून जी जास्तीची उष्णता साठते, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. मूळ कारण तिथे आहे.

एका उन्हाळ्यापेक्षा मला ही मधली वर्षं कमी होत चालल्याची भीती वाटते. फांद्यांचं आणि मेजासारखं पसरणारं कोरल लवकर वाढतं, त्याला सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. मोठे गोल गोळे तर वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, पुरुषभर उंचीचा गोळा शिवकाळ संपल्यानंतर कधीतरी रुजलेला असतो. दोन तडाख्यांमध्ये दहा-पंधरा वर्षं मिळत असती तर ही रीफ बरीचशी सावरली असती. तिला दोन मिळतात. मध्यंतरी इथे कोरल वाढल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्याही खोट्या नव्हत्या. पण वाढलं ते बहुतेक हेच लवकर वाढणारं, आणि उष्णतेत सगळ्यांत आधी जातं तेही हेच. यंदा ऑगस्टमध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या अहवालानुसार एका वर्षात उत्तरेत जिवंत कोरल सुमारे पावपट घटलं आणि दक्षिणेत तीस टक्क्यांनी. एकोणचाळीस वर्षांच्या मोजणीत या दोन्ही भागांनी एका वर्षात एवढी घट पाहिली नव्हती.

कोरल गेलं की मासळी लगेच जात नाही. सांगाडा काही वर्षं उभा असतो, मासे त्यात लपतात. मग लाटांनी तो मोडतो आणि लपायला जागा राहत नाही. आधी छोटे मासे कमी होतात, मग त्यांच्यावर जगणारे. इथे कोरल ट्राउट नावाचा महागडा मासा आहे, आपल्या गोबऱ्याच्याच कुळातला. त्याची पिल्लं या रचनेच्या आधारानेच मोठी होतात. शिवाय रीफ लाटेचा जोर बाहेरच मोडते, म्हणून आतला किनारा शांत असतो. लक्षद्वीपची बेटं तर उभीच त्यावर आहेत. तिथे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं ब्लीचिंग झालं, २०२४ मध्ये परत झालं. १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांत तिथलं जिवंत कोरल जवळजवळ निम्म्यावर आलं.

आता आपल्याकडचं. मालवणचं कोरल थोडं आणि विखुरलेलं आहे, पण ते चिवट आहे. पावसाळ्यात खाड्यांचा गाळ आणि गोडं पाणी सोसून ते वर्षानुवर्षं टिकलं. तरी ब्लीचिंगच्या नोंदी आपल्याकडेही झाल्या आहेत. आपलं पाणी सगळ्यांत जास्त तापतं एप्रिल-मे मध्ये, पाऊस पडण्याआधी. आणि तात्या, तीच मुलांची सुट्टी, तोच तुमचा सगळ्यांत गर्दीचा हंगाम. कोरल अर्धपोटी असताना त्याच्यावर सगळ्यांत जास्त पाय पडतात, नांगर पडतात, उडालेला गाळ बसतो. धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं हे मला माहीत आहे. पण समुद्राचं तापणं तुमच्या हातात नाही आणि नांगर आहे. इथे बऱ्याच रीफवर पाण्यावर तरंगणारे पक्के बोये बांधलेले असतात, होडी त्याला बांधतात, नांगर टाकत नाहीत. १९८७ पासून आपल्याकडे सागरी अभयारण्य आहे. सगळ्या होडीवाल्यांनी मिळून वनखात्याकडे असे बोये मागायला काय हरकत आहे? तुमचा शब्द पोरं मानतात, पहिलं पत्र तुम्हीच लिहा. पर्यटकांना कोरलावर उभं राहू न देणं तर उद्यापासून जमेल.

आणखी एक काम. किल्ल्याच्या मागचा तो मोठा गोळा तुम्हाला डोळे मिटून सापडतो. होडी सुरू झाली की त्याचा एक फोटो काढायला सांगा, आणि एप्रिलपासून दर पंधरा दिवसांनी, त्याच बाजूने, शक्यतो सकाळच्या उन्हात. तारीख न विसरता लिहा. मी इथल्या आमच्या सरांना दाखवून काय दिसतंय ते कळवीन.

आई, गुडघ्याचं तेल मी पार्सलने पाठवलं आहे, दिवाळीआधी मिळेल.

तुमची,
बाय